फोटोची मागची बाजू

नागपूरच्या एखाद्या जुन्या घरातला, स्टुडिओत काढलेला फोटो हातात घ्या. समोर कोट-टोपीतले गृहस्थ, शेजारी खुर्चीवर बाई, मागे रंगवलेला पडदा. एवढ्यावरून काळ ठरत नाही, कारण स्टुडिओवाले तेच पडदे आणि त्याच खुर्च्या वर्षानुवर्षे वापरत. आता फोटो उलटा करा. मागे रबरी शिक्का आहे आणि पत्त्याच्या शेवटी ४४०० पासून सुरू होणारा पिन कोड. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे शिक्का त्यानंतरचा. समोरच्या माणसांचा पेहराव चाळीसच्या दशकातला असेल, तर हातात आहे ती जुन्या फोटोवरून नंतर काढवून घेतलेली प्रत. मूळ प्रिंट किंवा निगेटिव्ह भावकीतल्या दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत असण्याची शक्यता आहे, आणि तिकडे विचारायला हवे. कागदाच्या पाठीवर ‘इंदू’ छापलेले असेल तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद. ती कंपनीच १९६० ची. समोरची बाजू कितीही बारीक स्कॅन केली तरी यातले काही कळणार नाही.

जुने फोटो स्कॅन करून ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आणावेत, याबद्दल आता कुणाचे दुमत उरलेले नाही. दुमत असायला हवे ते त्यासाठीचा पैसा कशावर खर्च होतो याबद्दल. आज हे काम ‘प्रति स्कॅन’ दराने दिले जाते आणि किती हजार स्कॅन झाले यावर मोजले जाते. माझे म्हणणे असे की स्कॅन हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी घाईचा भाग आहे. खरा खर्च आणि खरी घाई आहे ती फोटोत काय आहे हे लिहून घेण्याची. अंदाजपत्रकात आधी त्याचे पैसे धरावेत, उरलेल्यात स्कॅनिंग बसवावे.

प्रति स्कॅन दराची निविदा निघते तेव्हा कार्यालयीन कागदपत्रांसाठी तयार असलेलीच कलमे फोटोंना लावली जातात: ३०० डीपीआय (म्हणजे इंचामागे ३०० ठिपके; पीपीआयही तेच), पीडीएफ, सर्वात कमी दर. टाइप केलेल्या अर्जासाठी ते पुरेसे आहे. फोटोसाठी ते नुकसानीचे आहे. दर कमी, म्हणून वेग हवा. वेग हवा, म्हणून कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र. एकोणिसाव्या शतकातला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमिन प्रिंट पातळ असतो, पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो आणि पुठ्ठ्यासकट बाक घेतो. तो रोलरमधून गेला की थराला तडे जातात, आणि ते भरून येत नाहीत. पुढे यंत्राची ‘आपोआप सुधारणा’ चालू राहते. ती काळोख उजळते, पांढरे आणखी पांढरे करते, आणि पांढऱ्या धोतराच्या घड्या एका सपाट डागात जातात. कडा कापल्या जातात आणि माउंटच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापलेले छायाचित्रकाराचे नाव जाते. मागची बाजू घेतलीच जात नाही, कारण ती घेतली तर एका फोटोचे दोन स्कॅन होतात आणि बिलावरून वाद होतो. शेवटी फायलीचे नाव राहते ‘स्कॅन ००४७’. अशा दहा हजार फायली हार्ड डिस्कवर घालून काम ‘पूर्ण’ झाल्याचे पत्र मिळते.

हे टाळणे अवघड नाही. स्टुडिओचा कॅबिनेट आकाराचा फोटो सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा असतो. तो ६०० पीपीआयला स्कॅन केला की २,५५० बाय ३,९०० पिक्सेल मिळतात. पडद्यावर पाहायला आणि पुस्तकात छापायला तेवढे भरपूर. पण निगेटिव्हवर कागद ठेवून काढलेला सव्वादोन बाय सव्वातीन इंचांचा छोटा प्रिंट असेल तर ६०० अपुरे पडतात, तिथे १,२०० हवेत. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हला ४,००० लागतात. म्हणजे निविदेत डीपीआयचा एकच आकडा लिहिणे मुळात चूक आहे. लांब बाजूला किमान ३,९०० पिक्सेल आले पाहिजेत, असे लिहावे. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा. पिवळेपणा, शाईचा रंग, हाताने भरलेल्या ओठांचा गुलाबी रंग ही सगळी माहिती आहे. मूळ फाइल टिफमध्ये, १६ बिटमध्ये, धार काढणे आणि रंग सुधारणे बंद ठेवून. शेजारी रंग-उजेड ताडायला राखाडी पट्टी आणि आकार कळायला मोजपट्टी. सगळ्या कडा दिसल्या पाहिजेत. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्यावी. तिरप्या उजेडात पेन्सिलीच्या खुणा दिसतात.

निगेटिव्ह घेताना एक चूक सर्रास होते. चकचकीत बाजू आणि मंद बाजू यांची अदलाबदल होते आणि चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. दुकानाची पाटी चित्रात असेल तर लगेच कळते. नसेल तर पुरुषांच्या कोटाचा छातीवरचा खिसा पाहावा. तो घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो, म्हणजे सुलट चित्रात पाहणाऱ्याच्या उजवीकडे दिसतो. काचेच्या निगेटिव्ह स्कॅनरच्या काचेला टेकल्या तर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळे उमटतात, त्यासाठी मध्ये किंचित अंतर ठेवणारी चौकट लागते. स्कॅनरची धूळ आपोआप पुसण्याची सोय कृष्णधवल निगेटिव्हवर चालवू नये. ती अवरक्त किरणांवर चालते आणि फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसायला लागते.

आता हिशेब मांडू. कॅबिनेट फोटोची समोरची बाजू १६ बिट रंगीतमध्ये साधारण ६० एमबी आणि मागची ८ बिटमध्ये ३० एमबी, मिळून ९०. दहा हजार फोटोंचे ९०० जीबी होतात. तीन प्रती ठेवल्या तरी तीन टीबीच्या आत. साठवण ही आता खर्चाची बाबच राहिलेली नाही. वेळ पाहा. ब्लोअरने धूळ उडवणे, दोन्ही बाजू घेणे, फायलीला नाव देणे आणि उघडून तपासणे याला फोटोमागे आठ मिनिटे धरली तर दहा हजार फोटोंना सुमारे १,३३३ तास लागतात, म्हणजे रोज सहा तासांप्रमाणे एका माणसाचे २२२ दिवस. एका फोटोची नोंद नीट लिहायला, म्हणजे मागचा मजकूर वाचायला, ठिकाण ठरवायला आणि काळाचा अंदाज बांधायला, वीस मिनिटे कमीच आहेत. त्याचे होतात ३,३३३ तास, साधारण ५५५ दिवस. अडीच पट. यात कुणाच्या घरी जाऊन विचारायचा वेळ धरलेलाच नाही. निविदेत मात्र या अडीच पट कामाला एक ओळही नसते.

यावर नेहमीचे उत्तर येते: आधी स्कॅन तर करून ठेवा, नावे काय नंतरही लिहिता येतील. वरवर शहाणपणाचे वाटते, पण काळाचा हिशेब उलटा लागतो. कोरड्या जागी, साध्या पाकिटात ठेवलेला चांदी-जिलेटिनचा प्रिंट, म्हणजे विसाव्या शतकातला नेहमीचा कृष्णधवल फोटो, आणखी वीस वर्षे सहज काढेल. त्यातली माणसे ओळखणारी आजी काढणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जी मुले आई-वडिलांच्या बोटाला धरून दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. इंदोरा, पाचपावली, बेझनबाग इथल्या घरांत त्या दिवसांचे किंवा पुढच्या वर्षांतल्या वर्धापनदिनांचे फोटो असतील, तर पांढऱ्या कपड्यांतल्या त्या रांगेत कोण आत्या, कोण शेजारी, कोण समता सैनिक दलाचा स्वयंसेवक, हे सांगू शकणारी हीच शेवटची पिढी. एम्प्रेस मिलचेही तेच. १८७७ ला सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागी आता मॉल आहे. फोटोत दिसतो तो विभाग कताईचा की विणाईचा, हातात फीत घेऊन उभा असलेला माणूस जॉबर (मुकादम) की कारकून, हे ज्याने तिथे पाळी केली त्यालाच एका नजरेत कळते. इतवारीतल्या हातमागाच्या फोटोतला माग कोणत्या जातीचा, हे विणकराला कळते. ग्रंथपालाला आणि स्कॅनर चालवणाऱ्याला कळत नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी साध्या मोबाइलने कामचलाऊ फोटो काढून यादी करावी, त्यातले कोणते फोटो ओळखणारे माणूस हयात आहे ते शोधावे आणि तिथून सुरुवात करावी. उत्तम स्कॅन नंतर होईल.

या नियमाला अपवाद एकाच गोष्टीचा आहे, फिल्मचा. तिथे नागपूरचा उन्हाळा स्वतःच तारीख ठरवतो. १९५० च्या आधीच्या फिल्म निगेटिव्ह नायट्रेटच्या असू शकतात. कोडॅकने नायट्रेट फिल्म १९५१ ला बंद केली. कडेला ‘सेफ्टी’ असे छापलेले नसेल, फिल्म पिवळट-तपकिरी होऊन चिकट झाली असेल आणि उग्र वास येत असेल तर ती वेगळी काढावी. सडू लागलेली नायट्रेट फिल्म बंद डब्यात दाटून ठेवली आणि तापमान बरेच दिवस ४१ अंशांच्या आसपास राहिले तर आपोआप पेट घेऊ शकते. नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, आपल्याकडच्या टिनाच्या छताखालच्या खोलीत ४१ ही काही मोठी गोष्ट नाही. अशा फिल्म मार्चच्या आत वेगळ्या कराव्यात, हवा खेळेल अशा कागदी पाकिटांत ठेवाव्यात, आणि त्या ग्रंथालयाच्या इमारतीत ठेवायच्या की नाहीत हे अग्निशमन खात्याला विचारून ठरवावे. नंतरची ॲसिटेट फिल्म अशी सहज पेट घेत नाही, पण तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती आकसते आणि चित्राच्या थरावर नागमोडी सुरकुत्या पडतात. एका डब्यातली एक फिल्म अशी झाली की तिची वाफ शेजारच्या फिल्मनाही बिघडवते. वास आला की वेगळी काढा आणि स्कॅनच्या रांगेत पहिली लावा. एवढ्यापुरते ‘आधी स्कॅन’ मला मान्य आहे.

कागदी फोटोंचा आपल्याकडचा शत्रू मात्र वेगळा आहे. तो म्हणजे कूलर. मे महिन्याच्या दुपारी नागपूरची हवा इतकी कोरडी असते की जिलेटिनचा थर आक्रसतो आणि फोटो नळीसारखे वळतात. मग वाचनालयाच्या खिडकीत कूलर सुरू होतो आणि तीच खोली दोन तासांत दमट होते. रात्री कूलर बंद, पुन्हा कोरडी. हा रोजचा ओढाताणीचा खेळ तीन महिने चालतो आणि लगेच पावसाळा लागतो. थर उचलला जाणे, कडांना निळसर चांदीची झाक येणे, बुरशी धरणे, यामागे बहुतेक वेळा हेच असते. फोटोंचे कपाट कूलरच्या खोलीत नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकून नको. एसी परवडत नसेल तर कूलर नसलेली, आतली, तळमजल्याच्या वरची खोली बरी. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत.

काचेच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर तो सोडवायचा प्रयत्न करू नका. ओल्या जिलेटिनने काच धरलेली असते. ओढले की चेहराच काचेवर राहतो. फ्रेमसकट, काचेतूनच घ्या. त्यासाठी स्कॅनरपेक्षा स्टँडवर उभा लावलेला कॅमेरा बरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे आणि दिव्यांवर व लेन्सवर ध्रुवण फिल्टर, म्हणजे काचेची चमक मरते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमचेही तसेच. फोटो उचलता येत नसेल तर पानासकट स्कॅन करा. उचलावाच लागला तर दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोखालून हळूहळू सरकवत न्यावा. सुरीचे टोक नको, आणि हेअर ड्रायर तर अजिबात नको.

आता मूळ मुद्द्याकडे, नोंदीकडे. नागपूरच्या फोटोचा काळ ठरवायला या शहराचा इतिहासच हाताशी असतो. कार्यालयाच्या पाटीवर ‘मध्यप्रदेश शासन’ दिसले आणि जागा नागपूरची असेल, तर फोटो २६ जानेवारी १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ या काळातला. तोवर नागपूर त्या राज्याची राजधानी होते. त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५६ ते १९६० मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जुनी पाटी बदलायला खाते वेळ लावते हे लक्षात ठेवावे, पण भिंग घेऊन पाटी वाचायला विसरू नये. दुकानाच्या फळ्यावर भाव आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचा. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. रेल्वेच्या डब्यावर जी.आय.पी. असेल तर १९५१ च्या आधीचा किंवा नुकताच नंतरचा, कारण त्या वर्षी मध्य रेल्वे झाली. नागपूर स्थानकाची आजची दगडी इमारत मागे दिसत असेल तर १९२५ च्या आधी जाता येत नाही. आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च कपाटात ठेवावी. अंधारात तिच्या उजेडात कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारे रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात पन्नासच्या दशकापासून येऊ लागले. कुणी १९२० च्या नागपूर काँग्रेसचा किंवा १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचा अस्सल प्रिंट म्हणून आणून दिला आणि तो चमकला, तर चित्र त्या काळातले असेलही, पण कागद नंतरचा आहे. नोंदीत दोन्ही तारखा वेगळ्या लिहाव्यात: चित्राची आणि प्रतीची.

डोळ्यांवर पूर्ण विसंबू नये याचे एक नागपुरी उदाहरण. सुरुवातीच्या काळातल्या प्लेट, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, फक्त निळ्या प्रकाशाला दाद देत. त्यांवर निळे आकाश पांढरे येते, आणि लाल व पिवळे दोन्ही काळपट येतात. अशा प्लेटवर मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या सुमारास नागपुरात निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांची, मिरवणूक टिपली गेली असेल तर पिवळी मारबतसुद्धा गडद दिसेल. नुसता गडदपणा पाहून ‘काळी मारबत’ असे लिहिले की ती चूक पुढे प्रत्येक लेखात आणि पुस्तकात जाते. मिरवणुकीचा रस्ता, मागची घरे, मूर्तीचा घाट यांवरून ठरवावे, आणि ठरत नसेल तर नुसते ‘मारबत’ लिहून थांबावे.

नोंदीत कोणती गोष्ट कशावरून लिहिली हे सांगितलेच पाहिजे. माझ्या मते तीन शब्द पुरतात: ‘लिखित’ म्हणजे फोटोवरच लिहिलेले, ‘कथित’ म्हणजे कुणी सांगितलेले, ‘अनुमान’ म्हणजे नोंद लिहिणाऱ्याने बांधलेले. कथित असेल तर कुणी, कोणत्या तारखेला सांगितले तेही. ओळख पटवायला बसताना फोटो ए-फोर आकारात छापून न्यावा, वर ट्रेसिंग पेपर लावून प्रत्येक माणसाच्या आकृतीला आकडा द्यावा. ‘मागच्या ओळीत डावीकडून चौथा’ यात ऐंशीच्या माणसाचा गोंधळ होतो, ‘सात नंबर कोण?’ यात होत नाही. बोलणे ध्वनिमुद्रित करावे. दुसऱ्या माणसाला विचारताना पहिल्याने सांगितलेली नावे दाखवू नयेत. दोघांची जुळली तर नोंद पक्की. मागचा मजकूर मोडीत, उर्दूत, हिंदीत, बंगालीतही असतो. हे शहर तसेच आहे. मोडी वाचणारा एक माणूस मानधनावर हवाच.

मूळ फोटोवर काही लिहायचे झाल्यास मागच्या कडेला, मऊ पेन्सिलीने, फक्त दाखल अंक. बॉलपेन नको. दुसऱ्या बाजूला उमटलेला बॉलपेनचा दाब तिरप्या उजेडात चेहऱ्यावर व्रणासारखा दिसतो. मुळात फोटोला दाखल अंक मिळत नाही ही आपल्या वाचनालयांची जुनी अडचण आहे. दाखल नोंदवही पुस्तकांसाठी आखलेली, तपासणी पुस्तकांची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालचे अनुदानही वाचनालयाचा वर्ग पाहून मिळते; त्यात हजार फोटोंचा ठेवा सांभाळल्याचे वेगळे मोल नाही. जे नोंदवहीत नाही ते हरवले तरी कुणाला जाब विचारता येत नाही. संकेतस्थळाच्या आधी फोटोंची स्वतंत्र दाखल नोंदवही सुरू करणे हे बिनखर्चाचे काम आहे, आणि ते आजच करता येते.

मराठीत शोध लागणे हा आणखी एक खड्डा. अनेक वाचनालयांच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या फाँटशिवाय उघडल्या की नुसती चिन्हे दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि नंतर ओळ न् ओळ वाचावी लागते, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे घसरतात. ‘ॲड.’ हा शब्द दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण संगणकाला ते दोन शब्द वाटतात. सीताबर्डी, सिताबर्डी, बर्डी, महाल, महल, अंबाझरी, अंबाझारी. वाचणारा यातले काहीही टाइप करेल. म्हणून प्रत्येक ठिकाणाचे एक मान्य रूप आणि त्याखाली बाकीची सगळी रूपे, जुन्या इंग्रजी स्पेलिंगसकट, अशी यादी पहिल्या महिन्यातच करावी. रस्त्यांची बदललेली नावेही त्यातच. फायलीचे नाव मात्र रोमन अक्षरे आणि आकडे यांचेच असावे, मोकळी जागा न सोडता. नाहीतर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना नावे बिघडतात.

हक्कांच्या भीतीने पुष्कळ संस्था फोटो दडवून ठेवतात. ही भीती बरीचशी अज्ञानातून येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढवून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे स्टुडिओतल्या कौटुंबिक फोटोंसाठी परवानगी विचारायची ती त्या कुटुंबाला, आणि ते तर अल्बम घेऊन समोर बसलेले असते. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करायला कलम ५२ मोकळीक देते. ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. त्याच दुरुस्तीने फोटोंची मुदतही बदलली: पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षे होती, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. पण ज्या प्रकाशित फोटोंची जुनी मुदत आधीच संपली होती ते मोकळेच राहिले. जतन करणे आणि सगळ्यांना दाखवणे यांत फरक आहे हे खरे. संकेतस्थळावर टाकायला परवानगी किंवा संपलेली मुदत यांपैकी एक लागते. म्हणून फोटो घेतानाच एका पानाचे मराठी संमतिपत्र भरून घ्यावे: दाखवायचा का, डाउनलोड करू द्यायचा का, कुणाचे नाव झाकायचे का. कायद्याने परवानगी असली तरी घरातल्या बाईचा खाजगी फोटो, लहान मुलांचे फोटो, अंत्यसंस्काराचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय लावू नयेत. ब्रिटिश अंमलातल्या फोटोंखाली ‘एक गोंड स्त्री’ अशी ओळ असते, जणू तिला नाव नव्हते. ती मूळ ओळ तशीच जपावी, पण शीर्षक म्हणून पुढे करू नये.

फोटोच्या मधोमध संस्थेचे नाव आडवे छापणे मात्र थांबवावे. लोक फुकट उचलतील, ही त्यामागची काळजी मी समजू शकते. पण फोटो सार्वजनिक पैशातून स्कॅन झालेला असतो आणि त्याचा वापर व्हावा हाच तर हेतू असतो. नाव खालच्या पट्टीत, फोटोच्या बाहेर छापा. नोंदीची ओळ फायलीच्या आतही भरा. चेहऱ्यावर शिक्का मारलेला फोटो ना नातवाला कामाचा, ना अभ्यासकाला.

एआयने रंग भरलेले जुने नागपूर आता रोज मोबाइलवर फिरते. ग्रंथालयाने त्या वाटेला जाऊ नये. कृष्णधवल प्रिंटमध्ये रंगाची माहिती नसते. वर सांगितल्याप्रमाणे लाल लुगडे आणि काळे लुगडे जुन्या प्लेटवर एकच दिसतात; यंत्र त्यातले एक निवडते आणि आपण ते पुरावा म्हणून पाहू लागतो. पुसट चेहरा ‘स्पष्ट’ करणारे यंत्र तर दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवते. हौशीने करायचे त्याने करावे. ग्रंथालयाच्या संग्रहात अशा प्रतीला जागा नसावी.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक नागपूरबाहेर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे कपाट किती सुरक्षित असते ते सगळ्यांनी पाहिले. प्रत्येक फायलीचा चेकसम (फायलीत जराही बदल झाला तर बदलणारा आकडा) काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडून पाहावा. हार्ड डिस्क कपाटात पडून राहिली तरी बिघडते आणि सांगत नाही. कंत्राटदाराच्या सर्व्हरवर संग्रह ठेवून तीन वर्षांनी करार संपला की संकेतस्थळ बंद, हे टाळायला निविदेतच लिहावे: सगळ्या टिफ फायली आणि सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात ग्रंथालयाच्या हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

आणि लोकांकडून अल्बम मागू नयेत. ‘दिला की गेला’ हा अनुभव घराघरांत आहे आणि तो खोटा नाही. त्याऐवजी वस्तीतच बसावे. महालात, इतवारीत, इंदोऱ्यात, मोमिनपुऱ्यात, महिन्यातून एक रविवार, एखाद्या शाळेच्या वर्गात. दोन स्कॅनर, यूपीएस, एक कॅमेरा स्टँड, संमतिपत्रे, ध्वनिमुद्रक. फोटो मालकाच्या डोळ्यांसमोर स्कॅन व्हावा आणि लगेच परत जावा, सोबत त्याची पेनड्राइव्हवर प्रत. एका रविवारी साठ-सत्तर फोटो होतील, जास्त नाही. आजी बोलत असताना स्कॅनर थांबवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने यासाठी चांगले. थंडी असते, लाइट कमी जाते, आणि म्हातारी माणसे दुपारी उन्हात येऊन बसायला तयार असतात.